घराचं काम काढताय? बजेट नेमकं कुठे फुटतं आणि काँट्रॅक्टरशी काय ठरवून घ्यायचं?

घराचं काम काढलं की दोन गोष्टी लांबतात: दिवस आणि खर्च. 'गणपतीच्या आधी चावी हातात देतो' म्हणून सुरू झालेलं काम दिवाळीपर्यंत रेंगाळतं. चार लाखांचं काम साडेपाच लाखांवर जातं. मग 'काँट्रॅक्टरने फसवलं' असं आपण म्हणतो.

कधीकधी ते खरंही असतं. पण बऱ्याचदा घोळ सुरुवातीच्या बोलण्यातच झालेला असतो. 'बाथरूम नवीन करून द्या' असं तुम्ही म्हणता तेव्हा तुमच्या डोळ्यांसमोर काचेचं पार्टिशन, गीझरचा पॉइंट आणि भिंतीतला शॉवर असतो. काँट्रॅक्टरच्या हिशेबात टाइल्स, नळ आणि कमोड एवढंच असतं. मधला सगळा फरक पुढे 'एक्स्ट्रा' या नावाखाली बिलात येतो.

थोडक्यात, बजेट रेटमुळे कमी आणि न लिहिलेल्या गोष्टींमुळे जास्त फुटतं. त्यामुळे पहिला हातोडा पडण्याआधी काय काय कागदावर यायला हवं, ते समजून घेऊया.

सुरुवात कुठून करायची?

काँट्रॅक्टरला फोन करण्याआधी एक वही घ्या आणि कामांचे तीन भाग करा.

पहिल्या भागात, केलं नाही तर नुकसान होईल अशी कामं. गळणारं बाथरूम, भिंतीतली ओल, जुनं वायरिंग, गंजलेले पाइप, सुटलेला गिलावा.

दुसऱ्या भागात रोजच्या सोयीची कामं. ओट्याची उंची, कपाटं, वाढीव प्लग पॉइंट, खिडक्या.

तिसऱ्या भागात दिसण्यासाठीची कामं. फॉल्स सीलिंग, टीव्हीमागचं पॅनेल, वॉलपेपर.

पैसे कमी पडले तर कात्री तिसऱ्या भागापासून लावायची. प्रत्यक्षात बरेचदा उलटं होतं. हॉलचं फॉल्स सीलिंग आधी ठरतं आणि वॉटरप्रूफिंग 'साधंच करा' म्हणून सांगितलं जातं. फॉल्स सीलिंग दोन वर्षांनीही करता येतं. नव्या टाइल्सखालचं वॉटरप्रूफिंग मात्र टाइल्स फोडल्याशिवाय करता येत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे राखीव रक्कम. तुमच्याकडे ५ लाख रुपये असतील तर करार ५ लाखांचा करू नका. १० ते १५ टक्के बाजूला ठेवा आणि काम ४.२५ ते ४.५ लाखांत बसवा. इमारत जुनी असेल तर राखीव रक्कम आणखी जास्त हवी. जुनी लादी काढल्यावर खाली काय निघेल, हे काम सुरू होईपर्यंत काँट्रॅक्टरलाही माहीत नसतं.

घर आपलं, मग परवानगी कशाला?

सोसायटीत राहत असाल तर आधी लेखी अर्ज द्यावा लागतो. कामाची वेळ, डेब्रिज कुठे ठेवायचं, लिफ्टमधून सामान न्यायचं की नाही, डिपॉझिट किती, हे प्रत्येक सोसायटीत वेगळं असतं. ते आधी विचारा, कारण त्याचा थेट परिणाम खर्चावर होतो. लिफ्ट वापरायला मनाई असेल तर चौथ्या मजल्यावर वाळूची पोती चढवायची मजुरी वेगळी लागते.

महापालिकेचं काय? मुंबईत रंग, गिलावा, लादी बदलणं, संडास-बाथरूमची दुरुस्ती, नळ आणि वायरिंग बदलणं ही कामं महापालिका कायद्याच्या कलम ३४२ नुसार साध्या दुरुस्तीत मोडतात. पण खांब, बीम किंवा भार पेलणारी भिंत हलवणं, घराची लांबी-रुंदी-उंची बदलणं, माळा वाढवणं हे साध्या दुरुस्तीत बसत नाही. तुमच्या शहरात नियम काय आहेत ते महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसात विचारून घ्या.

हा निव्वळ कागदपत्रांचा प्रश्न नाही. २५ जुलै २०१७ रोजी घाटकोपरमध्ये सिद्धिसाई इमारत कोसळून १७ जणांचा जीव गेला. तळमजल्यावर नूतनीकरणाचं काम सुरू होतं आणि त्यात खांबांना धक्का लावल्याचा आरोप झाला. २० मे २०२५ रोजी कल्याण पूर्वेत सप्तशृंगी इमारतीचा चौथ्या मजल्यावरचा स्लॅब खालच्या मजल्यांवर कोसळला आणि सहा जणांचा मृत्यू झाला. त्या मजल्यावर लादीचं काम सुरू असल्याचं तेव्हा समोर आलं होतं.

लादीसारख्या साध्या कामाने एवढं काय होणार, असं वाटू शकतं. त्याचा हिशेब करून पाहू. जुनी लादी तशीच ठेवून वर सिमेंट-वाळूचा दीड इंचाचा थर आणि त्यावर नवी टाइल बसवली, तर दर चौरस मीटरला साधारण १०० किलो वजन वाढतं. १० बाय १२ फुटांची खोली म्हणजे सुमारे ११ चौरस मीटर. म्हणजे एका खोलीत एक टनाहून जास्त वजन कायमचं वाढलं. राहत्या खोलीत माणसं आणि सामान मिळून दर चौरस मीटरला साधारण २०० किलो भार धरावा, असं भारतीय मानक आयएस ८७५ सांगतं. त्यातला निम्मा भार आपण एका लादीत संपवतो.

सामान कुठे ठेवतो, हेही बघा. एक ब्रास वाळू म्हणजे १०० घनफूट, वजन जवळपास साडेचार टन. वाळू, सिमेंटच्या गोण्या आणि फोडलेल्या लादीचा ढीग खोलीच्या मधोमध साठवू देऊ नका. सामान लागेल तसं आणायचं आणि डेब्रिज रोजच्या रोज खाली न्यायचं, ही अट घाला.

इमारत ३० वर्षांहून जुनी असेल तर सोसायटीकडे स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल मागा. मुंबईत अशा इमारतींना ऑडिट बंधनकारक आहे. भिंत पाडायची असेल तर ती साधी आहे की भार पेलणारी, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरने बघून लेखी द्यायला हवं. 'काही होत नाही, आम्ही रोज पाडतो' हे काँट्रॅक्टरचं उत्तर इथे चालत नाही. एकूण बजेटमध्ये इंजिनिअरची फी हा छोटा आकडा असतो. ती वाचवू नका.

काम उक्तं द्यायचं, लेबर रेटवर की हजेरीवर?

काम देण्याच्या साधारण तीन पद्धती आहेत.

उक्तं किंवा 'अंगावर' देणं: सामान आणि मजुरी धरून सगळ्या कामाची एक रक्कम ठरते. तुमची धावपळ कमी होते. पण काय सामान वापरणार हे लिहून घेतलं नाही, तर बचत काँट्रॅक्टरची आणि तडजोड तुमची होते.

लेबर रेट: सामान तुम्ही आणायचं आणि मजुरी मापावर द्यायची. सामानाच्या दर्जावर तुमचा ताबा राहतो. मात्र सिमेंट संपलं, एल्बो कमी पडला की तुम्हालाच दुकानात पळावं लागतं. सामान वेळेत आलं नाही तर कामगार बसून राहतात.

हजेरी: गवंडी, बिगारी, सुतार यांना रोजाने पैसे द्यायचे. एक-दोन दिवसांच्या किरकोळ दुरुस्तीसाठी हे ठीक आहे. मोठ्या कामात दिवस वाढले की खर्चही वाढत जातो.

नोकरी करणाऱ्यांना अनेकदा मधला मार्ग सोयीचा पडतो. सिमेंट, वाळू, पाइप यांसारखं सामान काँट्रॅक्टरकडे ठेवायचं. टाइल्स, नळ, कमोड, स्विच, लाइट या डोळ्यांना दिसणाऱ्या आणि किमतीत खूप फरक असणाऱ्या वस्तू स्वतः घ्यायच्या.

कोटेशन कसं वाचायचं?

किमान तीन कोटेशन घ्या. पण तिघांनाही तुमच्या वहीतली एकच यादी द्या. यादी वेगळी असेल तर आकड्यांची तुलना करण्यात अर्थ नाही.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. 'अ' काँट्रॅक्टर ३,८०,००० सांगतो, 'ब' ४,६०,०००. 'अ' ८० हजारांनी स्वस्त दिसतो. पण त्याच्या कोटेशनमध्ये डेब्रिज उचलणं नाही (१५,०००), वॉटरप्रूफिंग नाही (३०,०००), वायर आणि स्विच नाहीत (४०,०००). टाइल्स ४५ रुपये चौरस फुटाच्या धरल्या आहेत आणि तुम्हाला आवडलेल्या ८० रुपयांच्या आहेत. ३०० चौरस फुटांवर हा फरक १०,५०० रुपयांचा. बेरीज झाली ४,७५,५००. 'ब'च्या कोटेशनमध्ये हे सगळं धरलेलं असेल तर तोच स्वस्त आहे.

म्हणून प्रत्येक कोटेशनमध्ये या गोष्टी बघा:

- प्रत्येक कामापुढे माप, रेट आणि रक्कम वेगवेगळी आहे का? 'बाथरूम काम, ठोक १,२०,०००' एवढ्यावर थांबू नका.
- सामानाचं नाव आणि ग्रेड लिहिली आहे का? 'चांगल्या प्रतीचं प्लाय' याला काही अर्थ नाही. 'आयएस ७१० शिक्क्याचं १८ एमएम मरीन प्लाय' याला अर्थ आहे. ओट्याखालच्या ट्रॉलीसाठी आणि बेडरूमच्या कपाटासाठी एकच प्लाय लागत नाही, तिथे पैसे वाचू शकतात.
- वायरची जाडी लिहिली आहे का? घरात साधारणपणे लाइट-पंख्यासाठी १.५, प्लगसाठी २.५ आणि एसी-गीझरसाठी ४ चौरस मिलिमीटरची वायर टाकतात.
- रंगाचे हात किती, पुट्टी किती वेळा, प्रायमर धरला आहे का?
- तोडफोड, डेब्रिज, सामान वर चढवणं आणि शेवटची साफसफाई कोणाकडे?
- जीएसटी धरून रक्कम आहे की सोडून? नोंदणी असलेल्या काँट्रॅक्टरच्या अशा कामावर सध्या १८ टक्के जीएसटी लागतो. ४,६०,००० वर तो ८२,८०० रुपये होतो. ज्याची नोंदणीच नाही, त्याला तुमच्याकडून जीएसटी घेता येत नाही. त्यामुळे नंबर विचारा आणि जीएसटीच्या सरकारी वेबसाइटवर तपासा.

मापात बजेट कसं वाढतं?

रेट ठरवताना आपण घासाघीस करतो आणि माप मात्र काँट्रॅक्टरच्या वहीवर सोडतो. दोन शब्द पक्के लक्षात ठेवा. लादी, रंग, गिलावा यांत 'ब्रास' म्हणजे १०० चौरस फूट. स्कर्टिंग, ओट्याची पट्टी, पाइप यांत 'रनिंग फूट' म्हणजे फक्त लांबी.

रंगाच्या बिलाचा अनेकांना धक्का बसतो, कारण घराच्या कार्पेट एरियाचा आकडा डोक्यात असतो. पण रंग लागतो भिंतींना आणि छताला. १० बाय १२ फुटांची, साडेनऊ फूट उंच खोली घ्या. चारही भिंतींची लांबी ४४ फूट, म्हणजे भिंती ४१८ चौरस फूट. छत १२०. एकूण ५३८. त्यातून दाराचे २१ आणि खिडकीचे १६ वजा केले की उरतात ५०१. जमीन १२० चौरस फूट आणि रंगकाम ५०१, म्हणजे चौपटीहून जास्त. म्हणून 'चौरस फुटाला अमुक' हा रेट कार्पेटवर आहे की रंगवलेल्या जागेवर, आणि दार-खिडक्या वजा होणार की नाही, हे आधीच विचारा.

टाइल्सचंही तसंच. 'दोन बाय दोन'ची टाइल प्रत्यक्षात ६०० मिलिमीटरची, म्हणजे दोन फुटांहून किंचित लहान असते. चार टाइल्सचा बॉक्स १६ नाही, साडेपंधरा चौरस फूट भरतो. २५० चौरस फुटांसाठी कापाकापीचे १० टक्के धरले की २७५ लागतात, म्हणजे १८ बॉक्स. सगळे एकाच बॅचचे घ्या. नंतर आणलेल्या बॉक्सची शेड जुळेलच असं नाही.

पैसे कधी आणि किती द्यायचे?

घरमालकाच्या हातात सगळ्यात मोठी ताकद असते ती न दिलेल्या पैशांची. सुरुवातीलाच निम्मे पैसे दिले की ती जाते.

यामागचं गणितही समजून घ्या. लहान काँट्रॅक्टरकडे एका वेळी तीन-चार साइट सुरू असतात आणि भांडवल कमी असतं. तुमच्या उचलीतून तो आधीच्या साइटची उधारी फेडतो. तुमचं काम अर्ध्यावर आलं की पुढची उचल मिळवण्यासाठी माणसं नव्या साइटवर जातात. 'आज माणसं आली नाहीत' याचं एक कारण हेही असतं.

म्हणून पैसे तारखेला बांधू नका, पूर्ण झालेल्या टप्प्याला बांधा. उदाहरणार्थ:

- काम सुरू होताना: १० टक्के
- तोडफोड, भिंतीतलं प्लंबिंग आणि वायरिंग झाल्यावर: २० टक्के
- वॉटरप्रूफिंगची टेस्ट आणि गिलावा झाल्यावर: २० टक्के
- लादी आणि टाइल्स बसल्यावर: २० टक्के
- रंग आणि फिटिंग झाल्यावर: २० टक्के
- राहिलेली बारीकसारीक कामं पूर्ण करून दिल्यावर: १० टक्के

उक्त्या कामात सामान मोठ्या रकमेचं असेल तर टक्के थोडे पुढे-मागे होतील. मोठी खरेदी असेल तर दुकानदाराला थेट पैसे देता येतात.

पण टप्पा पूर्ण झाला की पैसेही त्याच दिवशी द्या. कामगारांना दर आठवड्याला खर्ची द्यावी लागते. तुम्ही रखडवलंत तर माणसं दुसरीकडे जाणार, हे साहजिक आहे. शिस्त दोन्ही बाजूंनी लागते.

व्यवहार शक्यतो बँकेतून किंवा यूपीआयने करा. आयकर कायद्यानुसार एका व्यवहारात २ लाख रुपये किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाही. दंड घेणाऱ्याला होतो, पण पैसे दिल्याचा पुरावा नसल्याचा तोटा तुम्हालाच होतो.

जे झाकलं जाणार आहे, ते आधी बघा

रंग खराब झाला तर दिसतो. पाइपचा सांधा भिंतीत गेला की दिसत नाही. म्हणून दोन ठिकाणी काम थांबवून तपासणी करायचीच.

एक, भिंत बुजवण्याआधी. प्लंबिंगच्या लाइनला प्रेशर टेस्ट करून घ्या. पाइप आणि वायर कुठून गेल्यात, त्याचे टेप लावून फोटो काढा. उद्या भिंतीला ड्रिल मारताना हेच फोटो कामी येतील.

दोन, बाथरूममध्ये टाइल्स बसण्याआधी. वॉटरप्रूफिंग झालं की आउटलेट बंद करून पाणी भरून ठेवायचं. किमान २४ तास, शक्यतो ४८ तास. या काळात खालच्या घरात जाऊन छत बघा. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार गच्चीची गळती सोसायटीने दुरुस्त करायची असते, पण तुमच्या बाथरूममधून खाली होणाऱ्या गळतीचा खर्च तुमचा. दोन दिवस थांबणं खालच्या शेजाऱ्यांशी दोन वर्षं भांडण्यापेक्षा स्वस्त पडतं.

मध्येच काम वाढलं तर?

वाढणारच. पत्नी म्हणते इथे एक पॉइंट हवा, आई म्हणते देवघराला दार हवं, आणि गवंडी 'होऊन जाईल' म्हणतो. हे 'होऊन जाईल' शेवटी बिलात दिसतं.

त्यासाठी एकच नियम ठेवा: वाढीव काम सुरू होण्याआधी व्हॉट्सॲपवर काम, रक्कम आणि वाढणारे दिवस लिहायचे आणि दोघांनी 'ओके' म्हणायचं. गवंड्याला किंवा सुताराला परस्पर काम सांगायचं नाही. घरातल्या एकाच माणसाने काँट्रॅक्टरशी बोलायचं. लेखी होकाराशिवाय वाढीव पैसे नाहीत, हे मूळ करारातच घाला.

तरीही बिनसलं तर?

काम अर्धवट सोडलं, निकृष्ट केलं किंवा पैसे घेऊन फोन उचलणं बंद केलं, तर आधी त्रुटींची यादी आणि फोटो जोडून लेखी नोटीस पाठवा आणि मुदत द्या. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

त्यानेही भागलं नाही तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते. दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. वकील असलाच पाहिजे असंही नाही. तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते.

तिथे विचारलं जाईल ते एवढंच: काय ठरलं होतं, किती दिले, काय झालं? कोटेशन, टप्प्याटप्प्याने दिलेले पैसे, व्हॉट्सॲपवरचे होकार आणि भिंत बुजवण्याआधीचे फोटो तुमच्याकडे असतील तर उत्तरं तयार असतात.

बहुतेक वेळा आयोगापर्यंत जायची वेळ येतच नाही. समोरच्याकडे सगळं लिहिलेलं आहे, हे कळल्यावर काँट्रॅक्टरही मोजूनमापून बोलतो आणि चांगल्या काँट्रॅक्टरला असं गिऱ्हाईक आवडतंच, कारण त्याचेही पैसे अडकत नाहीत. या आठवड्यात काम काढणार असाल तर फोन करण्याआधी वही उघडा आणि तीन भाग करा. मेजर टेप घ्या आणि एक खोली स्वतः मोजून बघा.